चिकन, म्हणाले मी

आईनं फोनवर विचारलं, "काय तळतेयस गं?" आणि मी म्हणाले, "चिकन."

झालं ते इतकंच. तरी साडेअकरा वाजले आणि मी अजून ओट्याशीच, तळणाचं तेल गाळत उभी.

विचारणारी कोल्हापूरची. रविवारी मटण नसेल तर सुतक पडल्यासारखं तोंड करणारी. पण पोर्क म्हणायला जीभच वळली नाही. वय एक्केचाळीस, हाँगकाँगमधलं नववं वर्ष, आणि आईसमोर अजून दप्तरात काहीतरी लपवल्यासारखी उभी.

बरं, पदार्थ बिघडला असता तर एक वेळ. आज तर पहिल्यांदाच जमला! मागच्या वेळी हुशारी करून बिनचरबीचं मांस आणलं होतं, वहाण चावल्यासारखं लागलं. आज बाजारातून खांद्याचं घेतलं, थोडी चरबी असलेलं. सोया सॉस, अंडं, वरून कोरडं कॉर्नफ्लोअर. दोनदा तळायचं: आधी आतपर्यंत शिजेल असं, मग थोडं थांबून कडकडीत तेलात मिनिटभर. व्हिनेगर, साखर, केचपचा पाक दाट होऊ द्यायचा. शेजारच्या पोपोनं, म्हणजे आजीबाईंनी, दिलेल्या वाळक्या सानचाच्या चार चकत्याही त्यात टाकल्या; त्या लाल फळाचा आंबटपणा व्हिनेगरसारखा नाकात जात नाही. ढोबळी मिरची, कांदा, अननस, वरून मांस, दोन हात मारून गॅस बंद. कवच पाकातही कुरकुरत होतं. हे कुणाला सांगू? आईला तर चिकन सांगून बसले.

कूलोयूक म्हणतात इथे. 'यूक' म्हणजे मांस. नुसतं यूक म्हटलं की डुकराचंच, बाकीच्या प्राण्यांची नावं पुढे लावावी लागतात. आपल्याकडे नुसतं मटण म्हटलं की बोकड, तसंच. म्हणजे मी "मटण" म्हणाले असते तरी भाषांतर म्हणून खपलं असतं. तेही सुचलं नाही.

एकटीनं करायचं, एकटीनं खायचं, आणि वर खोटं बोलायचं. तो असता तर निदान... जाऊ दे. बाबांना सांगितलं असतं का? बाबांनी विचारलंच नसतं.

आणि चिकनच का? कुणी दरडावलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

तेल गाळता गाळता आत्ता आठवलं, फोन ठेवताना ती म्हणाली, "बरं, काय असेल ते गरम खा." काय असेल ते! चिकनला कुणी काय असेल ते म्हणतं? तुकड्याच्या कडेची चरबी तिला व्हिडिओवरही दिसली असणार. आयुष्यभर मटण निवडून घेतलेली बाई ती.

अर्थात इथले साडेसात म्हणजे तिकडचे पाच, तिच्या चहाची वेळ. साखर बंद झाल्यापासून फोनवर तिचा चहा कायम बिनसाखरेचा असतो, आणि बिस्किटाचा पुडा नेमका कॅमेऱ्याच्या बाहेर. आजही करकरला. मी म्हणाले, "चहा कसला पितेयस?" ती म्हणाली, "बिनसाखरेचा."

सहा तुकडे उरलेत. उद्या डब्यात नेईन. मऊ पडतील, पडू देत.