डिकन म्हणजे वाढपी

आमच्या चर्चचे मामा गेले त्याला आता दोन महिने होतील. लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं. मयतीच्या दिवशी जो तो उठून देशसेवा केली, देवसेवा केली असं बोलत होता आणि मला सारखं वाटत होतं की मामा इथं असते तर म्हणाले असते, "बस की बे आता, आधी लोकाला चहा वाट."

मामा ७१ च्या लढाईत विक्रांतवर होते, नौदलाच्या विमानवाहू जहाजावर. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं विमानंच उडायला लागतात. उडत होतीच म्हणा, सी हॉक विमानं डेकवरनं जाऊन तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार, चितगाववर बॉम्ब टाकून येत होती, पण मामांनी त्यातलं एकबी उडताना बघितलं नव्हतं. ते खाली बॉयलर रूममध्ये. स्टोकर, म्हणजे बॉयलर पेटता ठेवणारा. दिवस आहे का रात्र ते ताटात काय आलं त्यावरनं कळायचं म्हणायचे. मिल कामगाराचं पोरगं, लोणावळ्याला नौदलाच्या आयएनएस शिवाजी ट्रेनिंग सेंटरात शिकलं आणि थेट जहाजाच्या पोटात गेलं. त्यात विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला, म्हणजे चारातले तीनच कामाचे, स्पीड कमी. आता जहाजाला स्पीड नसला तर विमानाचं काय अडतं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वारा पडला की पोरं पतंग घेऊन पळतात का नाही? तसं जहाजानं पळायचं असतंय, वाऱ्याच्या तोंडाला. आम्ही ते पळवायलो होतो." बास, लढाईबद्दल एवढंच. मेडल कधी लावून आलेले मला आठवत नाही.

बोलायचे ते पाण्याबद्दल. चारी बाजूला समुद्र पण गोडं पाणी जहाजावरच बनवायचं, खाऱ्या पाण्याची वाफ करून ती गार करून, आणि त्यातला पहिला वाटा बॉयलरचा, माणूस नंतर. त्यामुळं अंघोळ मोजून. पंधरा वर्षं अशी काढून माणूस पेन्शनीवर आला कुठं, तर सोलापुरात! उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, ते पण कधी रात्री दोनला कधी पहाटे. सगळं गाव शिव्या घालायचं आणि मामा म्हणायचे हे तर जहाजच आहे की. चर्चच्या टाकीची चावी त्यांच्याकडं. पाणी यायच्या रात्री मामा खुर्ची टाकून व्हॉल्व्हपाशी बसलेले, मे महिन्यात बनियनवर, हातात टॉर्च. एखाद्यानं हात धुवून नळ टपकता ठेवला की उपासना चालू असली तरी उठून जाणार, बंद करणार आणि त्या माणसाकडं नुसतं बघणार.

डिकन ते कितीतरी वर्षं होते. आमच्याकडं ही पद्धत जुनी आहे, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची, पाळक म्हणजे धर्मगुरू वेगळे आणि डिकन मंडळीनं आपल्यातूनच निवडलेले. नवीन पोरांना वाटतं डिकन म्हणजे पदाधिकारी, पुढच्या बाकावर बसायचं, दानाची थैली फिरवायची. मी पण एकदा त्यांना विचारलं होतं, मामा डिकन म्हणजे नक्की काय हो. म्हणाले, "वाढपी." मग बायबलातलं प्रेषितांची कृत्ये उघडून सहावा अध्याय वाचायला लावला. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलायला लागले, त्यावरनं कुरकुर झाली आणि म्हणून सात जण नेमले. पंगतीतल्या भांडणातनं आलेलं काम आहे हे, मामा म्हणायचे. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, सेवक, जेवण वाढणारा सुद्धा. आणि वाढपी शेवटी जेवतो, हे त्यांनी इतकं मनावर घेतलेलं की नाताळच्या जेवणात कधी कधी त्यांना नुसता भात राहायचा, मामी चिडायच्या ते वेगळंच.

हां, एक राहिलं. विक्रांत भंगारात निघाली तेव्हा ते काही बोलले नाहीत. मग २०१६ ला बजाजची व्ही मोटारसायकल आली, टाकीत विक्रांतचं लोखंड वापरलेली. आमच्यातल्या एकानं घेतली आणि रविवारी मिरवायला आणली. मामांनी टाकीला हात लावला, सात रस्त्याच्या ट्रॅफिकमधून आलेली गाडी ती, उन्हानं तापलेली, चटकन हात काढला. म्हणाले, "अजून गरमच आहे की बे." आम्ही हसलो, ते पण हसले.

त्यांची वही आता माझ्याकडं आहे. अर्धी वही पाण्याच्या तारखा, टाकी किती भरली, मोटर कधी बिघडली. अर्धी घरांची यादी, जे आजारी आहेत, चर्चला येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडं प्रभुभोजन घेऊन जायचं ते. नावापुढं बारीक अक्षरात नोटा. दात नाहीत, भाकर द्राक्षरसात भिजवून द्यावी. ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बसावे. सून घरी नसताना जावे, मोकळं रडतात. पाळकसाहेब म्हणाले असलं कुठं शिकवत नाहीत.

शेवटच्या पानावर माझं नाव. मला वाटलं काहीतरी चांगलं असेल. लिहिलेलं, "पोरगं बरं आहे पण उशिरा येतं. चावी देऊ नये."

दुसरं कोण तयार झालं नाही म्हणून चावी मलाच मिळाली. परवा पाणी पहाटे साडेतीनला आलं. मी पावणेचारला पोचलो.