साळ नदी आणि माझी कंबर
आज रविवार, सकाळी सातलाच गोव्यात नावेलीला साळ नदीवर जलपर्णी काढायला गेलो, वीसेक जण असू, आणि आता कंबर अशी धरलीय की आडवा पडूनच टाईप करतोय. लांबून जांभळी फुलं काय मस्त दिसतात, पण एक रोप ओढलं की मागून दहा येतात, खालून सगळी एकमेकांना धरून. देठाचा फुगा दाबला तर आत नुसता स्पंज, म्हणून तर तरंगते. मुळं म्हणजे काळी दाढी, त्यात गोगलगायी, बारीक सुंगटं (कोळंबी) आणि एक गुटख्याचं पाकीट!! हिच्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, म्हणजे चार तास आम्ही पाणीच उचलत होतो 😅 दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आणलेली ही, घ्या आता शोभा. आणि सांडपाणी येतंय तोवर हिला खत फुकट.

ढीग काठावर ठेवू नका रे, पावसात परत आत जाईल, असं एक काका ओरडून सांगत होते, खरंच होतं ते, पण ट्रक काय दुपारपर्यंत आलाच नाही. मधे भाजीपाव आला म्हणून टिकलो.

दोन बसगाड्या मावतील एवढं पाणी मोकळं झालं असेल. आमचा बांबू तिथेच रोवलेला राहिला, त्यावर लगेच खंड्या येऊन बसला.