ऊन पडलं आणि रोपवे थांबला

मार्चमधला गुरुवार होता. २६ जणांचा ग्रुप, मी त्यांचा टूर मॅनेजर, लंडनमधला तिसरा दिवस. वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून बोटीनं ग्रिनिच, जेवण आटोपून पुन्हा बोटीनं नॉर्थ ग्रिनिच आणि तिथून रोपवेनं टेम्स ओलांडून पलीकडे रॉयल डॉक्स, असा कार्यक्रम होता. कोच पलीकडेच येऊन थांबणार होती. या रोपवेचं अधिकृत नाव आयएफएस क्लाउड केबल कार असं आहे, पण माझ्या कुठल्याच ग्रुपमध्ये कुणी केबल कार म्हणत नाही. सगळे रोपवेच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन.

पर्यटकांना हा दिवस निव्वळ मौजेचा वाटतो. तो तसा आखण्यामागचं निम्मं कारण म्हणजे कोचचा ड्रायव्हर. साडेचार तास गाडी चालवली की त्याला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि गाडीतलं टॅकोग्राफ यंत्र त्याची नोंद ठेवतं. मध्य लंडनच्या गर्दीत माणसं भरून फिरवत बसलं तर हे तास सिग्नललाच संपतात. त्यापेक्षा माणसं नदीनं न्यावीत आणि गाडी रिकामी पलीकडे पाठवावी.

अशा दिवसाच्या आदल्या रात्री मी तीन गोष्टी बघतो: भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याचा अंदाज आणि रोपवे चालू आहे की नाही. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर मेट्रोच्या मार्गांबरोबर रोपवेचीही स्थिती दिसते. पावसाचा अंदाज मी फारसा मनावर घेत नाही. लंडनच्या पावसानं आजवर माझा एकही कार्यक्रम बुडवलेला नाही.

भरती-ओहोटी कशाला, असं या कामात नवीन आलेली मुलं विचारतात. टेम्स समुद्रापासून इतकी आत असूनही उधाणाला लंडन ब्रिजपाशी पाणी साडेसहा-सात मीटर वरखाली होतं, म्हणजे दोन मजले. बोटींचे धक्के तरंगते असतात आणि काठाला लांब पुलानं जोडलेले असतात. भरतीला हा पूल जवळपास सपाट असतो, तळाच्या ओहोटीला त्याची घसरगुंडी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास लंडनमध्ये भरती दुपारी दोन-तीनच्या सुमारास येते आणि ओहोटी सकाळी साडेआठ-नऊच्या. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सकाळच्या बोटीला उतार नेमका सगळ्यात तीव्र मिळतो. अमावास्या होऊन दोनच दिवस झाले होते आणि ग्रुपमध्ये व्हीलचेअरवरच्या एक आजी होत्या. अशा उतारावरून खुर्ची पुढे तोंड करून कधीच नेऊ नये. ती उलटी फिरवायची, आजींचं तोंड काठाकडे ठेवायचं, एकानं मागचे हँडल धरून पाठमोरं उतरायचं आणि दुसऱ्यानं पुढून खुर्चीची चौकट धरायची, पायपट्ट्या नाही. त्या निखळून हातात येतात.

दुसरा खोळंबा कार्डांचा. नदीवरच्या बसबोटीला धक्क्यावर कार्ड टॅप करून चढायचं आणि उतरल्यावर पुन्हा टॅप करायचं. उतरताना विसरलं तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. एका कार्डावर एकच माणूस, नवरा-बायकोला एक कार्ड चालत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार मुळात बंदच असतात, ते ॲपमधून स्वतः चालू करावे लागतात. हे मी निघण्याआधी दोनदा सांगतो, तरी धक्क्यावर तिघांची कार्डं लाल दिवा दाखवतातच. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना टॅप करू देऊ नये. बँकेच्या कार्डावर प्रौढाचंच भाडं लागतं. त्यांचं निम्म्या दराचं तिकीट वेगळं काढायचं.

ही बसबोट म्हणजे रोज कामाला जाणाऱ्यांची बोट. तीत माहिती सांगणारा गाईड नसतो, तो पर्यटकांच्या वेगळ्या, संथ बोटींवर असतो. पण बसबोटीला मागच्या बाजूला उघडा डेक असतो आणि फोटो तिथूनच चांगले येतात, कारण आतल्या काचांवर शिंतोड्यांचे ओघळ वाळलेले असतात. पूर्वेकडे जाताना डाव्या हाताला सेंट पॉल्सचा घुमट आणि टॉवर ऑफ लंडन, उजव्या हाताला टेट मॉडर्न, शार्ड आणि एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका. १८९४ साली खुला झालेला टॉवर ब्रिज आपल्या बोटीसाठी उघडत नाही, हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर सगळे मोबाईल वर धरून वाट बघतात. तो उंच डोलकाठीच्या जहाजांसाठी उघडतो आणि त्यांनाही २४ तास आधी कळवावं लागतं. पूल मागे पडला आणि वॉपिंग आलं की बोट खरी वेगात निघते. तेव्हा आजी-आजोबांना आत बसवायचं.

उतरताना आणखी एक घोळ होतो. प्रवाह जोराचा असेल तर बोट पाण्याच्या उलट तोंड करून धक्क्याला लागते. ओहोटीत पूर्वेकडे जाणारी बोट धक्क्यापाशी आख्खी वळते आणि डाव्या दाराशी जमलेली मंडळी चुकीच्या बाजूला उभी राहतात. आम्ही निघालो तेव्हा भरती नुकती लागली होती. बोट पाण्याच्या विरुद्धच चालली होती, त्यामुळे वळावं लागलं नाही.

इथवर सगळं बिनबोभाट. पाऊस मात्र पाठ सोडत नव्हता आणि नैऋत्येचा वारा होता. ग्रिनिचला कटी सार्क या १८६९ च्या जहाजापाशी आजींना आणि आणखी सहा जणांना बसवून बाकीच्यांना घेऊन मी टेकडीवर वेधशाळेपाशी गेलो. तिथल्या छपरावर लाल गोळा आहे. १८३३ पासून तो रोज दुपारी एक वाजता खाली पडतो, नदीतल्या जहाजांनी त्यावर घड्याळं लावावीत म्हणून. १२:५५ ला अर्ध्यावर, १२:५८ ला टोकाला आणि बरोबर एकला खाली. आम्ही पावसात माना वर करून उभे होतो. १२:५५ झाले, १२:५८ झाले, गोळा हलला नाही.

वारा जास्त असला की तो गोळा वर चढवत नाहीत. हे मला माहीत होतं, ग्रुपला मीच ते सांगितलं आणि सगळे हसले. पण त्याच क्षणी फोन काढून रोपवेची स्थिती बघायला हवी होती, ती मी बघितली नाही. टेकडीवर वारा खालच्यापेक्षा जास्तच असणार, असं मनात म्हटलं आणि जेवणाच्या मागे लागलो.

दोनच्या सुमारास पाऊस थांबला. पश्चिमेकडून आभाळ फाटत गेलं आणि झकास ऊन पडलं. ग्रुप खूश. धक्क्यावर बोटीची वाट बघताना एक काका म्हणाले, "सर, तुमचं नशीब जोरावर आहे बघा." मीही मान डोलावली.

खरं तर काळजी तिथंच वाटायला हवी होती. थंड हवेची आघाडी डोक्यावरून पुढे सरकली की पाऊस थांबतो, आभाळ स्वच्छ होतं आणि वारा नैऋत्येवरून वायव्येला फिरतो, तोही झोताझोतानं. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. हा रोपवे ग्रिनिचच्या भूशिरावरून साधारण ईशान्येकडे जातो. म्हणजे नैऋत्येचा वारा दोराच्या रेषेतच वाहतो आणि वायव्येचा थेट कुशीत शिरतो.

कुशीतला वारा का नको, ते यंत्र समजलं की कळतं. इथं वजन पेलणारा आणि ओढणारा दोर एकच आहे. नदीवर तो सुमारे ९० मीटर उंचीवरून जातो, लांबी साधारण १.१ किलोमीटर. केबिन या दोराला स्प्रिंगच्या पकडीनं धरून असते. स्टेशनात आल्यावर पकड उघडते, केबिन दोरापासून सुटते आणि रबरी चाकांच्या रांगेवरून चालीच्या वेगानं पुढे सरकते, म्हणून आपल्याला आरामात चढता येतं. बाहेर पडताना चाकं तिला पुन्हा दोराच्या वेगाला आणतात आणि पकड मिटते. रेषेतल्या वाऱ्यानं केबिन पुढे-मागे डुलते, ते चालतं. आडव्या वाऱ्यानं ती बाजूला कलते आणि मनोऱ्यांवर, जिथं दोर चाकांवरून जातो तिथं, तसंच स्टेशनाच्या तोंडाशी कलायला जागा नसते. म्हणून वारा वाढला की आधी वेग कमी करतात, मग नवी माणसं घेणं थांबवतात आणि हवेत असलेल्यांना सावकाश पोचवून दोर रिकामा करतात.

आम्ही २:३० ला नॉर्थ ग्रिनिचच्या धक्क्यावर उतरलो. आता भरती टोकाला होती, पूल टेबलासारखा सपाट, आजींची खुर्ची एका हातानं ढकलत आणली. रोपवेचं स्टेशन तिथून पाच-सात मिनिटांवर. केबिन चालू होत्या, पण नेहमीपेक्षा रेंगाळत. एका केबिनमध्ये दहा जण मावतात, म्हणून मी पहिले दहा सोडले. मी स्वतः नेहमी शेवटच्या केबिनला असतो. पुढे गेलेला चुकला तर पलीकडे भेटतो, मागे राहिलेल्याचा मात्र पत्ता लागत नाही. त्या दहांत आजींचा नऊ वर्षांचा नातू मित्राच्या कुटुंबाबरोबर घुसला. त्याचे आई-बाबा आजींजवळ मागे होते. मी बघितलं आणि "जाऊ दे, दहा मिनिटांचा तर प्रश्न" म्हणून गप्प बसलो.

त्यांच्या मागचं फाटक बंद झालं ते झालंच. कर्मचाऱ्यानं हात आडवा केला: वाऱ्यामुळे बंद, किती वेळ ते सांगता येणार नाही. डोक्यावर लख्ख ऊन. ग्रुपमधल्या कुणाचा त्यावर विश्वासच बसेना.

अलीकडे १६, हवेत दहा. त्या दहांत लंडनमध्ये चालणारं सिम दोघांकडे. नातवाच्या आईचा चेहरा मी वर्णन करत नाही. पहिला फोन केबिनमधल्या काकांना केला आणि तीनच वाक्यं बोललो: केबिन थांबत-थांबत जाईल, ते मुद्दाम आहे. उतरल्यावर फाटकाबाहेर पाण्याच्या कठड्यापाशी थांबा. परतीसाठी रांग लावू नका. दुसरा फोन ड्रायव्हरला, अर्धा तास उशीर. त्याची काहीच हरकत नव्हती, त्याची विश्रांती लांबणार होती. सुदैवानं मागच्या १६ जणांपैकी कुणीही कार्ड टॅप केलेलं नव्हतं. फाटकावरचा माणूस आत घेईपर्यंत कार्ड खिशातच ठेवायचं, हा माझा जुना दंडक त्या दिवशी कामी आला.

"थोडं थांबून बघू या का?" असं तिघा-चौघांनी विचारलं. मी नाही म्हटलं. आडवा वारा एकदा लागला की तो दहा मिनिटांत उतरेल या आशेवर २६ माणसं दोन काठांवर वाटून ठेवता येत नाहीत. नदीखालून रस्ता होता: नॉर्थ ग्रिनिचहून मेट्रोच्या ज्युबिली लाइननं एकच स्थानक, कॅनिंग टाउन. तिथं लिफ्टनं वर जाऊन डीएलआर या हलक्या रेल्वेची बेक्टनकडे जाणारी गाडी, पुन्हा एकच स्थानक, रॉयल व्हिक्टोरिया. रोपवेचं पलीकडचं स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर. तिन्ही स्थानकांत लिफ्ट आहे किंवा पायरीच नाही, त्यामुळे खुर्ची कुठंच उचलावी लागली नाही. सगळ्यांना पोचायला ३५ मिनिटं लागली, त्यातली दहा चालण्यात. डीएलआरला पुढे ड्रायव्हरची खोली नसते, समोरची काच प्रवाशांना मोकळी. तिथली दोन आसनं मोकळी मिळाली म्हणून रोपवेची हळहळ जरा कमी झाली.

पलीकडे नातू मजेत होता. सिटी विमानतळावर उतरणारी विमानं मोजत बसला होता, आठ झाली म्हणाला. तिथली विमानं साडेपाच अंशांच्या तीव्र उतारानं येतात, त्यामुळे डोळ्यांदेखत खाली कोसळताहेत असं वाटतं. शनिवारी दुपारी विमानतळ बंद असतो, म्हणून विमानांसाठी यायचं तर तो दिवस टाळावा. वर असताना भीती वाटली का, असं आईनं विचारलं. "वाटली, पण काका म्हणाले की मुद्दाम थांबवतात."

तो रोपवे त्या संध्याकाळी चालू झालेला मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी लंडन सोडायचं होतं, पण सकाळी वारा पडला होता. कोच साडेदहाला ठेवली आणि उरलेल्या १६ जणांना रॉयल डॉक्सकडून नेऊन परत आणलं, या खेपेला नातूही बरोबर. आजींसाठी कर्मचाऱ्यांनी केबिन पूर्ण थांबवली. चालत्या केबिनमध्ये खुर्ची चढवणं अवघड असेल तर तसं आधी सांगायचं, ते थांबवतात. पण दोर एकच असल्यानं सगळ्याच केबिन जागच्या जागी लटकतात. पुढे गेलेल्या केबिनमधून नातवाचा फोन आला, "सर, थांबलं!"

"तुझी आजी चढतेय," मी म्हटलं.