दही बाधलं!

नववी ‘ब’च्या वर्गात इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला आणि वाचायला सांगितला. निम्म्या वर्गाने ‘डिलिशस’ वाचलं. सरांनी मध्ये खडूच्या उभ्या रेघा मारून तो तोडून दाखवला : डे-लि-टी-रि-अस. अर्थ, हानिकारक.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, सिगारेटच्या पाकिटावर तर इंज्युरिअस असतं. मग हा कशाला?”

असा प्रश्न आला की सरांचा चेहरा खुलायचा. “रात्री दही खाल्लं, सकाळी घसा धरला, तर आई काय म्हणते?”

“दही बाधलं!” सगळा वर्ग एका सुरात.

“खाताना कळलं होतं का? नाही ना? असं नकळत बाधतं, तिथे हा शब्द शोभतो.”

मग वापर. पुढे ‘टू’ घ्यायचा : डेलिटीरिअस टू हेल्थ. परिणामाला लावायचा, पदार्थाला लावायचा, माणसाला सहसा नाही. त्याच्या सवयीला मात्र खुशाल लावा. मूळ ग्रीक, ‘नाश करणारा’ या अर्थाचं. कॉम्प्युटरवरच्या ‘डिलीट’शी त्याचं नातं असावं असं मला पुढे बरीच वर्षं वाटायचं. ते लॅटिनमधून आलेलं, याचं घराणंच वेगळं.

लॉ कॉलेजात १८६०ची भारतीय दंड संहिता वाचताना घातक साधनांनी दुखापत करण्याबद्दलच्या कलम ३२४मध्ये तो अचानक भेटला. हत्यार, विस्तव, विष, स्फोटक यांच्या रांगेत : श्वासावाटे, गिळल्याने किंवा रक्तात गेल्याने शरीराला ‘डेलिटीरिअस’ असलेला पदार्थ. होस्टेलच्या खोलीत एकटाच होतो, तरी तोंडातून मोठ्याने निघालं, “दही बाधलं!”

आज तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. कागदावर ‘अपायकारक’ लिहितो; तो प्रतिशब्द बरोबरच आहे. पण व्हरांड्यात बसलेली पक्षकाराची आई “त्या कलमात काय हाय वो?” म्हणून विचारते, तेव्हा मी “अंगाला बाधंल अशी वस्तू” म्हणतो. तिला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. हे सरांचं देणं आहे, आणि ते मी रोज वापरतो.

१ जुलै २०२४ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३२४चं ११८ झालं. नवं पुस्तक हातात पडताच आधी ते पान काढलं, ओळीवरून बोट फिरवलं. शब्द जागेवर होता. सर असते तर त्याच संध्याकाळी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेलो असतो.