हात खाली येतो, पण ‘वी’ येत नाही

शिकागोच्या साउथ साइडला एका वाचनालयात दर शनिवारी मुलांबरोबर कविता वाचायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा माझा आत्मविश्वास जरा जास्तच होता. मुलं तेरा ते सोळा वर्षांची, बहुतेक सगळी ब्लॅक. मी नांदेडची. ब्लॅक कविता मला भेटली तीसुद्धा मराठीतून. १९७२ च्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून, हे घरात ऐकलेलं आणि वडिलांच्या कपाटात जनार्दन वाघमारे यांचं अमेरिकन निग्रोंवरचं पुस्तक. त्यामुळे आपल्याला यातलं कळतं, असा समज.

पहिल्या शनिवारी टिपण वाटलं. गुलामांची जहाजं, १८६३ ची मुक्तीची घोषणा, १९२० च्या दशकातलं हार्लेम, म्हणजे न्यूयॉर्कमधली ब्लॅक लेखकांची वस्ती, आणि तिसऱ्या पानावर एकदाची कविता. तिथवर पोचेस्तोवर दोघं पेंगायला लागले होते. एक मुलगी म्हणाली, “मिस, आमची कविता म्हटलं की आधी साखळदंडच का लागतात?” मी गप्प. शाळेत दलित कविता शिकवताना आमच्या बाईही आधी दहा मिनिटं चेहरा पाडून बसायच्या, ते घरी जाताना आठवलं.

टिपणं रद्दीत गेली. पुढच्या वेळी एका कागदावर एकच कविता, मोठ्या टाइपात, खाली काही नाही. ग्वेन्डोलिन ब्रुक्स यांची ‘वी रिअल कूल’. शाळेच्या वेळेत पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ, खेळत बसलेली सात पोरं स्वतःबद्दल बोलतात, एवढीच कविता. सगळे मिळून चोवीस शब्द, एकूण एक शब्द टिचकीएवढा. गंमत अशी की ‘वी’, म्हणजे ‘आम्ही’, हा शब्द पहिल्या ओळीत सुरुवातीला येतो आणि मग जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी लटकत राहतो. वाचताना थांबायचं कुठे, त्याच्या आधी की नंतर? यावर पाऊण तास भांडण झालं. ब्रुक्स यांच्या स्वतःच्या आवाजातलं वाचन लावलं. त्या ‘वी’ हळूच म्हणतात, जवळजवळ गिळून टाकतात. मुलांना ते मुळीच पटलं नाही. “ही पोरं इतकी लाजरी नाहीयेत!”

मग एकाने प्रत्येक ‘वी’ला टेबलावर थाप मारायला सुरुवात केली. बाकीचेही लागले. शेवटच्या ओळीत पोरं लवकरच मरणार असं येतं आणि त्या ओळीच्या टोकाला ‘वी’ नाही. सगळ्यांचे हात सवयीने खाली आले, थाप पडली, शब्द आलाच नाही. “अरे, उरलंच नाही कुणी,” थाप सुरू करणारा म्हणाला. ब्रुक्स याच साउथ साइडच्या, आणि १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या ब्लॅक लेखिका, हे मी त्यानंतर सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी ते ऐकून घेतलं.

या कवितेचे शब्द ओळींच्या शेवटी ठेवून स्वतःची कविता लिहायचा एक प्रकार कवी टेरन्स हेज यांनी काढला आहे, तोही करून पाहिला. बऱ्याच कविता भयंकर होत्या. उशिरा येणाऱ्या बसवरची एक मात्र झकास.

ब्लॅक कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या १९२२ च्या ‘मदर टू सन’ची मला धास्ती होती. आई मुलाला सांगते की माझ्या वाट्याचा जिना काही स्फटिकाचा नव्हता. त्यात खिळे होते, कुसळं होती, उखडलेल्या फळ्या होत्या. हे सगळं तिच्या घरगुती बोलीत. माझ्या तोंडी ती बोली म्हणजे नाटकच, म्हणून वाचायचं काम मुलांवरच सोपवलं. दोन ओळी झाल्यावर थाप मारणारा थांबला. “ही आजीला येते.” त्याने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि घडाघडा वाचायला लागला.

“हळू रे,” आजी पलीकडून ओरडली. “जिना चढतेय ती. धाप लागते माणसाला.”

मग तिने सगळी म्हणून दाखवली, न बघता. आम्ही फोन तसाच टेबलावर ठेवला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.