शर्मिष्ठेतला आपला शेजारी

काल हरभऱ्याला पाणी द्यायला पुतण्याला घेऊन आखाड्यावर गेलो, लाईट रात्री दहाला येणार होती म्हणून बाजेवर पडून उत्तरेकडं शर्मिष्ठा हा तारकासमूह बघत होतो. पाच ताऱ्यांचा तो एम, त्यातल्या शेडार नावाच्या ताऱ्याजवळच एक फिकट पिवळा तारा हाय, ईटा कॅसिओपी. दिसायला लय साधा, पण जवळपास आपल्या सूर्यासारखाच आणि अंतर फक्त 19 प्रकाशवर्षं! पुतण्या आता 19 चाच, म्हणजे हा जन्मला तेव्हा निघालेला उजेड आत्ता आमच्या डोळ्यात. पोरगं गप्पच झालं. त्या ताऱ्याला एक नारिंगी जोडीदार पण हाय, विल्यम हर्शेलनं 1779 ला शोधलेला, छोट्या टेलिस्कोपमधून दिसतो, दोघांना एकमेकांभोवती एक फेरा मारायला सुमारे 480 वर्षं लागतात. मोटार सुरू झाली तरी पोरगं वरच बघत होतं.