अंडरकट, एअर फ्रायर आणि बिडाचा तवा

एअर फ्रायरमध्ये स्टेक, म्हणजे मांसाचा जाड भाजलेला तुकडा, करण्याचा माझा पहिला प्रयत्न साफ फसला आणि त्याचे खापर मी बरेच दिवस त्या यंत्रावर फोडत राहिले. चार लिटरचे, पंधराशे वॅटचे हे यंत्र दिवाळीत घरात आले होते आणि तोवर त्यात रताळ्याचे काप, पापड किंवा फार तर सुरमईचे तुकडे एवढेच होत असे. एका परदेशी कृतीत लिहिले होते की टोपली आधी तापवून घ्यावी, मांस २०० अंशांवर बारा मिनिटे ठेवावे आणि मध्ये एकदा उलटावे. मी घड्याळ लावून तसेच केले. बाहेर आले ते करड्या रंगाचे, कडांनी वळलेले आणि इतके वातड होते की सुरी चालवताना खालची ताटली सरकत होती.

आमच्या घरी बड्याचे मांस पूर्वीपासून शिजते, पण ते रश्श्यात किंवा सुक्या मसाल्यात, कुकरच्या शिट्ट्या मोजून. कोरड्या आचेवर, मसाल्याच्या आधाराशिवाय ते करायचे म्हटल्यावर कोणते मांस आहे याला फार महत्त्व येते आणि नेमके तेच मी लक्षात घेतले नव्हते. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात बैल आणि वळूही आले. त्यामुळे पुण्यात दुकानात मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस असते. परदेशात स्टेकसाठी जे गोमांस वापरतात त्याच्या स्नायूंत चरबीच्या बारीक रेषा पसरलेल्या असतात, आणि शिजताना ती चरबी वितळून मांस चार मिनिटे जास्त झाले तरी त्याला सांभाळून घेते. म्हशीच्या मांसात ही आतली चरबी फारच थोडी असते. तिथली वेळ इथल्या मांसाला लावली की ते कोरडे पडणारच.

स्टेकसाठी आपल्याकडे खरोखर उपयोगाचा भाग एकच, तो म्हणजे अंडरकट. कंबरेच्या कण्याखालचा हा लांबट स्नायू जनावराला चालताना फारसा राबवावा लागत नाही, म्हणून तो मऊ राहतो. एका जनावरात असे दोनच निघतात आणि हॉटेलवाले ते आधी सांगून ठेवतात, त्यामुळे कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात मला सकाळी लवकर जावे लागले. दुकानदाराने सवयीने सुरा उचलून विचारले, "ताई, पीस करून देऊ ना?" पहिल्या वेळी मी हो म्हटले होते आणि त्याने फ्रायसाठी करतात तसे बोटाएवढ्या जाडीचे तुकडे करून दिले होते. बारा मिनिटांत त्यांची राख झाली नाही हेच नवल म्हणायचे. या खेपेला मी सबंध अंडरकट मागितला.

घरी आणल्यावर पहिले काम पापुद्रा काढण्याचे. अंडरकटच्या एका बाजूला पांढरट, रेशमासारखी चमकणारी एक पट्टी असते. ती कितीही शिजवली तरी विरघळत नाही, उलट आचेने आकसते आणि तुकड्याला वळवते. पातळ सुरीचे टोक तिच्याखाली घालून, पट्टी डाव्या हाताने ताणून धरून, सुरीची धार किंचित वरच्या बाजूला ठेवत पुढे सरकायचे. धार खाली गेली की पापुद्र्याबरोबर चांगले मांसही निघून येते, तसे माझे पहिल्यांदा बरेच निघाले. मग मधल्या जाड भागाचे दीड इंची तुकडे केले आणि ते गोल राहावेत म्हणून प्रत्येकाला सुती दोऱ्याचा एक वेढा दिला.

यानंतर दोन दिवस थांबायचे होते, आणि हे मला सर्वांत जड गेले. आपल्याकडे मांस कापल्या दिवशीच विकले जाते, तेव्हा स्नायू अजून ताठरलेले असतात. थंडाव्यात ठेवले की मांसातलीच विकरे (एन्झाइम्स) त्यांना हळूहळू सैल करतात. अर्ध्या किलोला एक सपाट चमचा मीठ चोळून मी तुकडे स्टीलच्या जाळीवर, खाली ताट ठेवून, फ्रिजच्या सर्वांत खालच्या आणि थंड कप्प्यात न झाकता ठेवले. दूध, लोणी मात्र डबाबंद केले. मिठाने आधी पाणी सुटते, मग तेच खारे पाणी मांसात परत मुरते आणि पृष्ठभाग सुकून चामड्यासारखा होतो. आमच्याकडे मांस मऊ करायला कच्ची पपई लावण्याची पद्धत आहे, ती इथे मुद्दाम टाळली. आधीच मऊ असलेल्या अंडरकटचा पपईने लगदा होतो.

दरम्यान मी स्वयंपाकाचा थर्मामीटर मागवला. त्याची परीक्षा घ्यावी म्हणून उकळत्या पाण्यात टोक बुडवले तर काटा ९८ वर थांबला. वस्तू सदोष म्हणून परत करायला मी निघालेच होते, पण बर्फाच्या पाण्यात त्याने बरोबर शून्य दाखवले, तेव्हा उलगडा झाला की पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि इथे पाणी शंभराला नव्हे, ९८ च्या आसपासच उकळते. थर्मामीटर खरा होता, माझे शाळेतले भूगोल-विज्ञान कच्चे होते.

आता यंत्राविषयी. एअर फ्रायर म्हणजे वर तापणारी कॉइल आणि तिच्याजवळ गरगरणारा पंखा. गरम वारा चारी बाजूंनी फिरवून आतपर्यंत सारखी आच पोहोचवणे हे काम तो उत्तम करतो. स्टेकला वरून जो तपकिरी, खमंग थर लागतो तो मात्र त्याच्याने होत नाही. साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातली ती प्रक्रिया लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. ती १४० अंशांच्या पुढे वेग घेते, आणि पृष्ठभागावरचे पाणी उडाल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. २०० अंशांच्या वाऱ्याने तेवढा रंग येईपर्यंत आतले मांस संपलेले असते. तापलेले लोखंड थेट टेकले तर तेच काम मिनिटभरात होते. म्हणून मी कामाची वाटणी केली: आतले शिजवणे यंत्राकडे, बाहेरचे भाजणे आजीच्या बिडाच्या तव्याकडे.

यंत्र १२० अंशांवर ठेवून तुकड्याच्या मध्यभागी ५४ अंश होईपर्यंत थांबले. दीड इंची तुकड्याला वीस-बावीस मिनिटे लागली. दहाव्या मिनिटाला एकदा उलटले. शेवटी दर दोन मिनिटांनी टोपली ओढून सुई टोचायची, कारण मिनिटांचा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा. मग खिडक्या उघडून, धूर सुटेपर्यंत तापवलेल्या तव्यावर चमचाभर तूप सोडले आणि तुकडे एकेका बाजूने जेमतेम मिनिटभर, नंतर चिमट्यात उभे धरून कडांवर भाजले. मिरी तव्यावर जळून कडू होते, ती उतरवल्यावरच घातली. ताटलीत पाच मिनिटे ठेवल्यावर आतला आकडा ६३ वर गेला. हॉटेलांत याच्या बरेच खाली उतरवतात, पण बाजारातल्या उघड्यावरच्या मांसासाठी मी ६३ च्या खाली जाणार नाही.

दोरा काढून, मांसाच्या तंतूंना आडवे कापले तेव्हा कडा गडद तपकिरी आणि आत काठापासून काठापर्यंत एकसारखा गुलाबी रंग होता. बाबांनी चष्मा वर करून पाहिले.

"अगं, हे आत लाल राहिलंय."

"बाबा, शिजलंय ते. हे रक्त नाही."

रक्त कापतानाच निघून गेलेले असते, हा स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा रंग आहे, आणि म्हशीच्या मांसात ते भरपूर असल्याने तो गडद दिसतो, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पावाचा तुकडा ताटलीतल्या रसाला लावून आधी तेवढाच खाऊन पाहिला आणि मग मांसाचे तीन काप घेतले. नंतर त्यांनी विचारले की अंडरकटचे निमुळते टोक आणि पापुद्र्याबरोबर निघालेले तुकडे कुठे आहेत. ते मी कांदा आणि काळ्या मसाल्यावर कढईत परतून ठेवले होते. उरलेला पाव त्यांनी त्याच्याबरोबर संपवला.